कॉम्प्युटर हँग झाला की लगेच फॉरमॅट कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात एक चौकट आली होती, कॉम्प्युटर सारखा हँग होतो तर काय करायचं म्हणून. त्यात चार उपाय होते. फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, अँटिव्हायरस टाका आणि एवढं करूनही जमलं नाही तर नवीन घ्या. ती चौकट कात्रीनं कापून आमच्या गावातला एक जण माझ्या दुकानात घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून म्हणे, "पाय भाऊ, पेपरात आलं, आता तं मार फॉरमॅट." म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब होणार आहे, काटछाट करायची तर शेपूट कापा पण मधला भाग ठेवा.

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वर टिनपत्रे, आत एक कूलर, दोन प्रिंटर, दोन कॉम्प्युटर. दोन्हीवर लिनक्स मिंट आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, दुकानात ती येऊन सात-आठ वर्षं झाली. लिनक्सच कशाला असं लोक विचारतात, तर एक म्हणजे फुकट आहे आणि दुसरं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह घुसत राहतात, त्यातले विंडोजचे व्हायरस इथे येऊन नुसते पडून राहतात, त्यांना काही करता येत नाही. आधी लोक हसायचे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये पाहिजे, प्रोसेसरही त्यातल्या त्यात नवा पाहिजे, मग जुन्या मशीनवाल्यांनी काय करायचं, तर बऱ्याच जणांनी लिनक्स टाकून घेतलं. आता त्यातलेच काही 'लिनक्स हँग होते, लिनक्स भिकार हाये' म्हणून बोंबलून राहिले, आणि फॉरमॅट मारणाऱ्या पोट्ट्यांची चांदी.

फॉरमॅटचा कार्यक्रम तुम्हाला माहीत असेलच. पोट्टा गाडीवर येतो, डेटा काढायचा का असं एकदा विचारतो, पेनड्राइव्ह लावतो, अर्ध्या-पाऊण तासात मशीन कोरं करून पाचशे रुपये घेऊन जातो. चार दिवस बरं चालतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मी दुसऱ्याला नावं ठेवत नाही कारण माझ्या स्वतःच्या मशीनवर मी हाच उद्योग तीनदा केला, आणि तिसऱ्या वेळी एका पोरीच्या लग्नपत्रिकेचं अख्खं डिझाईन त्यात गेलं, ते रात्री बारापर्यंत बसून परत केलं तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं.

सोयाबीन पिवळं पडलं की आपल्याकडे काय होते ते पाहा. येलो मोझॅक असला तर तो व्हायरस आहे, पांढरी माशी घेऊन येते. चुनखडीची जमीन असली तर लोह मिळत नाही म्हणून कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. पाणी साचलं तरी पिवळं. तिन्ही शेतं धुऱ्यावरून सारखीच दिसतात, आणि दुकानदार तिघांनाही एकच डबा देतो. हँग हा शब्द तसाच पिवळा शब्द आहे. त्यात निदान तीन वेगळे आजार आहेत, आणि कोणता आहे ते मशीन गोठलेलं असतानाच दोन मिनिटांत कळते, एकदा बटण दाबून बंद केलं की पुरावा गेला. पण आपण काय करतो, गोठलं की आधी ते बटणच दाबतो.

पहिला प्रकार, माउस हलतो पण झटके देत देत, दहा सेकंदांनी एकदा, आणि डब्यावरचा हार्ड डिस्कचा लाईट सारखा पेटलेला. हे मेलेलं नाही, हे धापा टाकून राहिलं. २ जीबी किंवा ४ जीबी रॅम, त्यात ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, रॅम भरली की लिनक्स तिथला माल डिस्कवरच्या स्वॅपमध्ये नेऊन टाकते आणि लागला की परत आणते, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क रॅमच्या मानानं बैलगाडी, मग नुसतं आणणं-नेणंच चालू राहते. अशा वेळी कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एक भाग असतो जो सगळ्यात जास्त जागा खाणारा प्रोग्रॅम मारून टाकतो, पण तो फार उशिरा जागा होतो, तोवर माणसाचा धीर सुटून बटण दाबून झालेलं असते. याच्यावर अर्ली-ओओएम नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे, तो हेच काम वेळेवर करतो, टॅब मरतो पण मशीन वाचते. इथे रॅम वाढवा हा तुमच्या चौकटीतला सल्ला बरोबर आहे, नाही म्हणत नाही.

दुसरा प्रकार, पॉइंटर छान फिरते, गाणं चालू असलं तर गाणंही वाजते, पण क्लिक कुठंच लागत नाही. म्हणजे आतलं सगळं जिवंत, फक्त समोरचा पडदा अडकला. कंट्रोल, अल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काळी स्क्रीन येऊन लॉगिन मागितलं तर देवाचे आभार माना, तिथून नाव-पासवर्ड टाकून अडकलेला प्रोग्रॅम मारता येतो, नाहीच तर पडद्याची सेवा, मिंटमध्ये तिला लाईटडीएम म्हणतात, ती रिस्टार्ट करता येते, उघडी कामं जातात पण मशीन बंद करावं लागत नाही. हे बहुतेक ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं दुखणं राहते. फॉरमॅट मारून तोच ड्रायव्हर परत टाकला तर तेच होणार ना.

तिसरा प्रकार म्हणजे दगड. माउस दगड, घड्याळ आहे तिथं थांबलेलं, आणि कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा लाईट लागत नाही. ही कॅप्स लॉकची परीक्षा फार कामाची आहे, फुकट आहे, आणि आमच्या भागातला एकही मेकॅनिक करत नाही.

बटण दाबून बंद करण्याआधी आणखी एक गोष्ट करायची. अल्ट आणि प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून धरायचं (त्याच बटणाला सिस-आरक्यू म्हणतात, जुन्या कीबोर्डवर छापलेलंही असते) आणि धरलेलं असताना एस, मग दोन-तीन सेकंद थांबून यू, मग बी. एसनं उरलेला डेटा डिस्कवर लिहिला जातो, यूनं डिस्कवर लिहिणं बंद होते, बीनं मशीन रिस्टार्ट. इंटरनेटवर सहा अक्षरांचा मोठा मंत्र सापडेल, आर, ई, आय, एस, यू, बी, पण उबंटू नावाच्या लिनक्समध्ये या बटणांची सेटिंग १७६ वर ठेवलेली असते, त्यात ही शेवटची तीन अक्षरंच चालतात, आणि मिंट उबंटूवरच बांधलेलं आहे. पहिली तीन दाबून काही झालं नाही म्हणून घाबरू नका. आणि एस-यू-बी दाबूनही मशीन हललं नाही तर समजून जा की कर्नलच गेलं, म्हणजे खालचा काहीतरी मामला आहे, हार्डवेअर नाही तर ड्रायव्हर, वरच्या प्रोग्रॅमचा संबंध नाही.

माझं दुसरं मशीन या तिसऱ्या प्रकारातलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सेकंडहँड घेतलेला छोटासा डबा, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर, प्रोसेसरला पंखासुद्धा नाही, नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा. मला वाटलं दुकानासाठी एकदम बरोबर, इन्व्हर्टरवर दिवसभर चालेल. आठवड्यात सुरू झालं. कधी दोन दिवस काही नाही, कधी एका दिवसात तीनदा. स्क्रीन जशीच्या तशी, वर घड्याळात १:४० वाजलेले आणि भिंतीवरच्या घड्याळात अडीच. आमच्याकडे एक म्हातारेबुवा रोज पेपर वाचायला येऊन बसतात, ते दर वेळी म्हणायचे, "काहून रे, झोपलं का तुह्यं मशीन?" मला राग यायचा. ते बरोबर होते हे मला अकरा महिन्यांनी समजलं.

त्या अकरा महिन्यांत मी काय काय केलं ते सांगतो कारण तेच सगळे करतात. पहिला संशय लाईनवर. आमच्याकडे तुरीला, गव्हाला पाणी सुरू झालं की एका डीपीवर इतक्या मोटरा चालतात की संध्याकाळी मल्टिमीटर लावला तर कधी कधी २३० च्या जागी १८० सुद्धा दिसत नाही. स्टॅबिलायझर आणला. फरक शून्य. नंतर कळलं की लाईनचा दोष असला तर मशीन बहुतेक करून धाडकन बंद पडते नाहीतर आपोआप रिस्टार्ट होते, असं चित्र गोठवून बसत नाही. स्टॅबिलायझर वाया गेला नाही, आता त्याच्यावर झेरॉक्स मशीन आहे.

मग उन्हावर. मे महिन्यात टिनाखाली काय होते ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, बाहेर ४५ असते तेव्हा दुकानात कूलरसमोरचा माणूस तेवढा जिवंत राहतो. डबा उघडला तर एसएमपीएसच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, पंख्याला पांढरी गादीच लागलेली होती, कापसाची. ज्याच्याकडून घेतला त्याच्या घरी आपल्या सगळ्यांसारखाच घरात भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेला असणार, आणि तो डबा त्याच खोलीत. ब्रशनं आणि दाढीच्या ब्लेडनं ती गादी काढली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, दिवसभर हात खाजवत बसलो. एवढं करून सेन्सर्स कमांड लावून पाहिलं तर टेंपरेचर ५० च्या आसपास, म्हणजे तापतच नव्हतं. आणि खरोखर तापलं तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होते. पंखा साफ करणं चांगलंच आहे, पण तो वेगळा आजार.

मग रॅम. रॅम काढून खोडरबरनं सोनेरी पट्टी घासणं हा आपल्या देशाचा राष्ट्रीय उपाय आहे आणि तो बऱ्याचदा चालतोही, मी एका किराणावाल्याचं मशीन नुसतं तेवढ्यावर दुरुस्त केलं आहे, कूलरच्या ओल्या हवेनं पट्टी काळी पडली होती. माझ्या मशीनला त्यानं काही झालं नाही. मेमटेस्ट लावला, हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा असतो, आणि आमच्याकडे रात्रभर लाईन राहणं म्हणजे नशीब, पहिल्या रात्री अडीचला गेली, दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरवर लावून पूर्ण केला. एकही चूक नाही. हार्ड डिस्कची स्मार्टसीटीएलनं तपासणी केली, त्यात खराब सेक्टरचा आकडा शून्य. डिस्कच्या वायरचा आकडा वेगळा येतो, सीआरसी एरर म्हणून, तो वाढत असला तर डिस्क चांगली आणि वायर खराब, वायर शे-दीडशेची असते आणि लोक डिस्क बदलतात. माझा तोही शून्य.

मग लॉग पाहिला. जर्नलसीटीएल नावाची कमांड आहे, तिला बी आणि उणे एक असं दिलं की मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाचा सगळा वृत्तांत दिसतो. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या, तुमच्या पेपरासाठी मी देवनागरीत लिहून राहिलो.) शेवटच्या ओळीत लाल अक्षरात काहीतरी सापडेल या आशेनं पाहिलं तर काहीच नाही. रोजच्या सारख्या ओळी आणि मग एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्यातही वैताग म्हणजे बोर्डावरचा सेल मेलेला होता, तो बटणासारखा चपटा सेल असतो ना, सीआर २०३२, त्यामुळे लाईन गेली की घड्याळ मागे जायचं आणि लॉगमध्ये कालचं आज आणि आजचं गेल्या वर्षी. सेल आधी बदला, तीस-चाळीस रुपयांचा आहे, नाहीतर लॉग वाचून माणूस वेडा होते.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हा जर्नल साध्या ओळी दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो, फार गंभीर संदेश आला तरच लगेच. म्हणजे मशीन दगड झालं तर शेवटच्या पाच मिनिटांतलं लिहिलेलं हवेतच राहू शकते. लॉगमध्ये काही नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. आमचा भाचा अमरावतीला शिकतो, त्यानं दिवाळीच्या सुट्टीत पाच ओळींचा एक स्क्रिप्ट लिहून दिला, दर मिनिटाला वेळ, टेंपरेचर आणि लोड (म्हणजे मशीनवर किती काम आहे तो आकडा) एका फाइलीत लिहायचा आणि लगेच सिंक मारून डिस्कवर पक्का करायचा. पाच ओळी, बस.

त्याच वेळी मी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लागलो. कधी हँग झालं आणि तेव्हा मी काय करत होतो. पहिली ओळ, दु. १:४०, जेवायला गेलो होतो. दुसरी, सकाळी ९:१०, दुकान उघडून उदबत्ती लावत होतो. तिसरी, ४:२०, समोर चहाला. चौथी, फोनवर होतो, साळ्याचा फोन, अर्धा तास. पाचवी, जेवायला. सहावी, बाजाराचा दिवस नाही, गिऱ्हाईक नाही, पेपर वाचत होतो. मला यात काही दिसलं नाही हो. बायको उधारीचा हिशोब पाहायला बसली होती, तिनं पान उलटलं, वाचलं आणि म्हणाली, "हे तं तुमच्यावानीच हाये. काम असलं की ठणठणीत, रिकामं बसलं की आजारी."

मी हसलो आणि मग हसू थांबलं. भाच्याची फाइल उघडली. हँग होण्याआधीची शेवटची ओळ, टेंपरेचर ४६, लोड ०.०३. त्याच्या आधीच्या वेळची, लोड ०.०५. सगळ्या ओळी अशाच, मशीन काहीच करत नसताना मेलेलं. मग आठवलं, त्याच वर्षी जुलैत एक रुपयात पीक विमा आला होता, दुकानापुढे रांग, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत त्याच मशीनवर फॉर्म, एकदाही हँग झालं नव्हतं, आणि मी तेव्हा म्हणालो होतो की देवानं लाज राखली. दहावीच्या मुलांच्या तीनशे पानी नोट्स छापल्या, कधी नाही. सगळं जग सांगते लोड आला की हँग होते, आणि माझं मशीन लोड गेला की हँग होत होतं.

कारण असं. प्रोसेसरला काम नसलं की कर्नल त्याला झोपवतं, वीज वाचावी म्हणून. झोपेच्या पायऱ्या असतात, सी-स्टेट म्हणतात. सी-० म्हणजे जागा, सी-१ म्हणजे डुलकी, आणि पुढे सी-६ वगैरे म्हणजे गाढ झोप, त्यात कोरची वीज जवळजवळ काढूनच घेतात. जागलीवर गेलेला गडी डुलकी घेत असला तर हाकेला उठतो, गाढ झोपला तर डुकरं तूर खाऊन जातात. काही ठरावीक पिढीच्या प्रोसेसरमध्ये या गाढ झोपेतून उठतानाच घोळ व्हायचा, दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या एकेका पिढीत हा प्रकार होऊन गेला आणि लिनक्सच्या लोकांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. माझ्या डब्यातला प्रोसेसर नेमका त्यातला. कंपनीचं नाव घेत नाही, माझं पहिलं मशीनही त्यांचंच आहे आणि ते बैलासारखं चालून राहिलं.

उपाय काय, तर त्याला गाढ झोपूच द्यायचं नाही. बऱ्याच मशीनच्या बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, सी-स्टेट बंद करायचा पर्याय असतो. माझ्यात नव्हता, तेव्हा कर्नललाच सांगावं लागलं. मशीन सुरू होताना ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी आणता येते, तिथं ई दाबलं की सुरू होण्याची ओळ बदलता येते, क्वाएट स्प्लॅश लिहिलेलं असते त्याच्या पुढे आपल्या प्रोसेसरला लागू असलेला मॅक्स सीस्टेट = १ असं लिहायचं, म्हणजे डुलकीच्या पुढे झोपू नको. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, म्हणून करून पाहायला भीती नाही, चुकलं तर रिस्टार्ट केलं की जुनंच येते. मी तसं चार-पाच दिवस केलं, मुद्दाम मशीन रिकामं सोडून गावाला जाऊन आलो, परत आलो तर घड्याळ बरोबर चालू. म्हातारेबुवा तिथेच बसलेले होते, म्हणाले, "जागं हाये." मग ग्रबच्या फाइलीत पक्कं लिहून सुडो अपडेट-ग्रब मारलं. हे २०२४ च्या संक्रांतीच्या आठवड्यातलं. वीज किंचित जास्त खाते, बिलात मला तर कळलं नाही. वहीचं ते पान त्यानंतर तसंच आहे, खाली बायकोनं दुधाचा हिशोब लिहिला.

आता हे वाचून कुणी आपल्या मशीनवर सरळ हीच सेटिंग मारायला जाईल, तर तीही फॉरमॅटसारखीच गत होईल. किराणावाल्याला खोडरबर लागलं, दुसऱ्या एकाला डिस्कची वायर, पंचायतीसमोरच्या मोबाईलवाल्याला फक्त २ जीबीची आणखी एक रॅम. प्रत्येकाचा हँग वेगळा होता आणि तिघांनाही आधी फॉरमॅटच सांगितलं गेलं होतं. त्या मोबाईलवाल्यानं दोनदा पैसे भरले होते. त्याला मी विचारलं, हँग होते तेव्हा डिस्कचा लाईट लागलेला राहते का, तर म्हणे, "लाईट कुठं असते त्याले?" डब्याच्या पुढेच होता, त्यानं त्याच्यावर देवाचं स्टिकर लावलं होतं.

तर साहेब, माझी एवढीच विनंती की पुढच्या वेळी तशी चौकट टाकाल तर फॉरमॅट सगळ्यात शेवटी लिहा, आणि सगळ्यात वर लिहा की गोठलं तर आधी कॅप्स लॉक दाबून पाहा, डिस्कचा लाईट पाहा, घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा आणि तुम्ही तेव्हा काय करत होता तेही. तेवढ्याच जागेत बसते. मेकॅनिक पोट्ट्यांच्या पोटावर पाय द्यायचा हेतू नाही, त्यातले दोघे तर माझ्याकडे येऊन विचारून जातात आता.

जाता जाता एक. शेजारच्या गावातल्या शाळेत एक मशीन आहे, तिथले मास्तर वाचून-लिहून राहतात, त्यांच्याकडे तिसऱ्या प्रकारचाच हँग आहे. मी जाऊन पाहिलं, प्रोसेसर माझ्यासारखा नाही, मेमटेस्ट स्वच्छ, टेंपरेचर ठीक. त्यांना शंभर पानी वही दिली आणि मुलांपैकी एकाला नोंदीचं काम लावलं. आतापर्यंत सात नोंदी झाल्या, त्यातल्या पाच मंगळवारच्या, सकाळी दहा ते बारामधल्या. मंगळवारी तिथला बाजार असतो आणि शाळेच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे, ती बाजाराच्या दिवशी सकाळपासून चालते. गिरणीची मोटर आणि शाळेची लाईन एकाच फेजवर आहे का ते पाहायला वायरमन या मंगळवारी येतो म्हणाला आहे, आणि मुलगा दर वेळी गिरणी चालू की बंद हेही लिहून राहिला. समजलं की कळवतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला
जि. यवतमाळ
(नाव छापू नये)